पंधराचा जेट

पावणेसहाला फोन आला तेव्हा निशिगंधा गॅसवर चहाचं आधण ठेवत होती. कातळवाडीचा आकाराम बोलत होता. त्याची म्हैस अडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर आला होता आणि दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

"येतो," ती म्हणाली. "वीस मिनिटात पोचतो."

निशिगंधा एका दूध संघाच्या गगनबावड्यातल्या केंद्रावर पशुधन पर्यवेक्षक होती. आसपासच्या अकरा वाड्यांची जनावरं तिच्याकडं होती आणि वाडीवाडीवर तिला डॉक्टरीण म्हणत. नवरा विजयसिंह कोल्हापुरात हायस्कूलला शिक्षक. आठवडाभर ती इथं आक्कांच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारी खाली कोल्हापूरला जायची. विजयसिंहनं नवी गाडी घेतल्यावर त्याची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल तिच्याकडं आली होती. दहा-अकरा वर्षांची, कार्बोरेटरची, नुसती किकची गाडी. पण औषधांची पेटी बांधून चिखलात, दगडात कुठंही जायची.

नोव्हेंबरात कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या बंडूच्या गॅरेजला तिचं सर्व्हिसिंग झालं आणि तेव्हापासून सकाळी ती चालू होईना.

आजही झाली नाही. निशिगंधानं चोक ओढला, किक मारली. परत मारली. अंगणात धुकं इतकं होतं की समोरचा फणस दिसत नव्हता, सीटवर आणि टाकीवर पाणी साचलं होतं. पंधराव्या-सोळाव्या किकेला कार्बोरेटरमधून फट् करून आवाज आला आणि परत सगळं गप्प. तिनं प्लग काढून पाहिला. तो कोरडा ठणठणीत होता. टाकी अर्धी भरलेली, पण पेट्रोल जिथं पोचायचं तिथं पोचत नव्हतं.

सहा वाजता आकारामचा परत फोन आला. "निघालो," ती म्हणाली. सव्वासहाला आला तेव्हाही तिनं "निघालो" सांगितलं. साडेसहाला तर "रस्त्यात हाय" म्हणाली आणि फोन खिशात टाकून पुन्हा किकवर उभी राहिली. उजव्या नडगीवर आधीच्याच दोन काळ्यानिळ्या खुणा होत्या, त्यावर किक उलटून तिसऱ्यांदा बसली. शेवटी आक्का आणि शेजारचा एकजण आले, तिघांनी गाडी उतारापर्यंत ढकलत नेली आणि उतारावर गिअर टाकून ती कशीबशी चालू झाली.

ती कातळवाडीत पोचली तेव्हा सात वाजून गेले होते.

गोठ्यात म्हैस आडवी पडली होती. वाट बघून बघून आकाराम आणि त्याच्या भावानं रेडकाच्या पायाला नायलॉनची दोरी बांधून ओढलं होतं. निशिगंधानं खांद्यापर्यंत हातमोजा चढवला आणि हात आत घातला. रेडकाचं मुंडकं मागं वळलेलं होतं. ते आधी सरळ करायला हवं होतं, मग दोरी. हे काम तिनं याआधी कितीतरी वेळा केलं होतं. तासाभरापूर्वी दहा मिनिटांत झालं असतं. आता गर्भपिशवी फाटली होती आणि हाताला गरम रक्त लागत होतं.

रेडकू मेलेलंच निघालं. तिनं इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. आठच्या सुमाराला म्हशीनं मान टाकली.

आकारामची बायको शालूबाई पहाटेपासून म्हशीच्या डोक्याशी बसली होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "पावणेसहाला फोन केलता."

"गाडी चालू झाली नाही, मावशी."

"मग तसं सांगायचं हुतंस. तू निघालो म्हणालीस. तीनदा म्हणालीस. म्हणून आमी सरकारी डॉक्टरला फोन केला न्हाय."

निशिगंधानं हातमोजा उतरवला. बादलीत हात धुतले, तरी बाहीवर उडालेलं रक्त निघालं नाही. गोठ्याबाहेर आली तर गाडी पहिल्या किकेला चालू झाली. त्या आवाजानं तिच्या डोक्यात अशी तिडीक गेली की क्षणभर तिला ती गाडी ओढ्यात ढकलून द्यावीशी वाटली.

ती केंद्रावर गेलीच नाही. रजेचा मेसेज टाकला आणि तशीच पंचावन्न किलोमीटर खाली कोल्हापूरला आली.

बंडू तिला बघूनच हसला. ती तिसऱ्यांदा येत होती. दोन-तीन ओळखीची माणसं बाकावर चहा घेत बसली होती.

"चालूच हाय की वैनी," बंडू म्हणाला. तिनं गाडी बंद केली. त्यानं पुढं होऊन उभ्या उभ्या पायानं नुसती दाबल्यासारखी किक मारली आणि गाडी चालू झाली. "ही बघा. अर्ध्या किकंत. मी मागंबी सांगितलं, गाडीत काय न्हाय. किक मारायची एक ढब असती. बायकास्नी ते जरा..."

बाकावरचा एकजण हसला.

"ही आत्ता पंचावन्न किलोमीटर पळून आलीय," निशिगंधा म्हणाली. "गरम हाय. गरम गाडी तुमच्या पोराकडनंबी चालू हुईल. मी सकाळचं सांगतोय. वर, थंडीत."

"इथंबी सकाळी थंडी असतीया की."

"मग वर या. उद्या सकाळी सहाला. तुम्ही मारायची किक."

"वैनी, हितं धा गाड्या उभ्या हायत."

"आज माझ्यासमोर एक म्हैस मेली." तिनं बाही पुढं केली. "हे तिचं रक्त हाय. दोन महिने तुम्ही मला ढब शिकवताय. उद्या तुम्ही तीन किकांत गाडी चालू करून दाखवा, मी इथं या बाकासमोर उभी राहून सांगतो की मला किक मारता येत नाही. नाही झाली तर काय करायचं ते मी बघतो."

बाकावरचं हसणं थांबलं होतं. चहाचा कप खाली ठेवत एक म्हातारा म्हणाला, "जा की रं बंडू. तीन किका तर मारायच्या हायत."

बंडूनं हात फडक्याला पुसले. सगळे बघत होते. "येतो," तो म्हणाला.

आणि तो आला. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला धुक्यातून त्याच्या गाडीचा दिवा दिसला. कानाला मफलर, मागं अवजारांची पिशवी. निशिगंधा अंगणात उभीच होती. गाडीला तिनं रात्रभर हातसुद्धा लावला नव्हता.

बंडूनं चोक ओढला आणि तीन किका मारल्या. गाडीनं दाद दिली नाही. त्यानं मफलर काढला. दहा झाल्या, मग त्यानं जर्किन काढून आक्कांच्या कट्ट्यावर टाकलं. आक्का पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या आणि मोठ्यानं मोजत होत्या. सव्विसाव्या किकेला फट् झालं. पस्तिसाव्याला किक उलटून त्याच्या पायावर बसली आणि तो एका पायावर नाचत मागं सरकला.

"ढब चुकली," निशिगंधा म्हणाली.

 बंडू खाली बसला, त्यानं पेट्रोलची चावी बंद केली, कार्बोरेटर सोडवला आणि त्याची खालची वाटी काढली. निशिगंधा शेजारी उकिडवी बसली. आत दोन पितळी जेट होते, भोकं पाडलेल्या स्क्रूंसारखे. मधला जरा मोठा, त्याच्या बाजूचा काडीएवढा.

"हे काय?"

"ह्यो बारका, स्लो जेट. गाडी गार असताना जे पेट्रोल लागतं ते ह्याच्यातनं येतं. आणि मोठा पळतानाचा." बंडूनं बारीक पेचकसानं बारका जेट सोडवून तळहातावर घेतला. मोबाइलच्या उजेडात त्यावरचा आकडा दिसला. पंधरा.

"बरोबर हाय का?"

"न्हाय. ह्या गाडीला साडेसतराचा येतोय. ह्याचं भोक बारीक. खाली उन्हात चालतंय, हितल्या गारठ्यात पेट्रोल कमी पडतंय."

बोलता बोलता त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत दोन जेट होते, एक मोठा आणि एक बारका. बारक्यावर साडेसतरा लिहिलेलं होतं.

निशिगंधानं पुडीकडं पाहिलं. मग बंडूकडं. "हे खिशात घेऊनच आलतासा?"

बंडूनं पुडी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कालही माहीत होतं."

"वैनी, मी माझ्या मनानं न्हाय केलं."

"मग कुणाच्या?"

"दादानं सांगितलं." दादा म्हणजे विजयसिंह. दोघं शाळेपासूनचे मित्र होते. "नोव्हेंबरात आलता. म्हणाला, ती घाटात लई जोरात मारती, गाडी पळाय नको असं काय तरी कर. आणि तिला बोलू नकोस. मी दोन्ही जेट लहान टाकलं. साठच्या वर जात न्हाय बघा आता."

ते खरं होतं. चढावर गाडी दम टाकते हे तिच्या लक्षात आलं होतं. गाडी म्हातारी झाली असं तिनं धरून चाललं होतं.

"सकाळी चालू होणार नाही हे त्यांना माहीत होतं?"

"तवा मलाबी एवढं वाटलं न्हवतं. तुमी डिसेंबरात पयल्यांदा आलासा, तवा मी फोन केला त्याला. म्हटलं, वर थंडीत तरास हुतोय, जेट परत टाकू का. तो म्हणाला, ऱ्हाऊ दे, थंडी सरंल."

 आक्का उठून आत गेल्या आणि चहा टाकल्याचा आवाज आला.

  डिसेंबरभर रोज सकाळी निशिगंधा विजयसिंहला फोन करायची. आजही झाली नाही चालू, काय करू? आणि तो पलीकडून शांतपणे सांगायचा, चोक पूर्ण ओढ, रेस देऊ नकोस, वजन टाकून मार, जमेल हळूहळू. ती तसं करायची. जमलं नाही की स्वतःला शिव्या द्यायची. रविवारी तिनं माळावर जाऊन गार गाडीवर किकांची प्रॅक्टिससुद्धा केली होती.

"सरका," ती बंडूला म्हणाली. "पेचकस द्या. कसं बसवायचं ते सांगा, मी बसवतो."

"मी बसवतो की."

"द्या म्हटलं ना."

त्यानं दिला. तिनं साडेसतराचा जेट बोटांनी फिरवत नेला, मग पेचकसानं आवळला. जास्त आवळू नका, पितळ हाय, खाच जाती, असं तो मधे मधे सांगत होता आणि ती ऐकत होती. म्हशीच्या पोटात न दिसणारं रेडकाचं डोकं शोधणाऱ्या हाताला हे काम अवघड नव्हतं. मोठा जेटही तिनंच बदलला. वाटी बसवली, पेट्रोल सोडलं, चोक ओढला. तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली आणि आपली आपण धडधडत राहिली.

"झालं बघा," बंडू हुश्श करून म्हणाला.

तिनं गाडी बंद केली. "पस्तीस किका खाऊन चालू झालेली गाडी. रात्रभर गार पडल्यावर उद्या बघतो, मगच झालं म्हणायचं. ह्याहून मोठा, वीसचा येतो का ह्यात?"

"येतोय. थंडीपुरता चालंल. पिशवीत हाय एक. पण मग हवेचा स्क्रू सोडावा लागतोय थोडा."

"तोही ठेवून जा. आणि जुने दोन्ही द्या इकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पाचव्या किकेला चालू झाली. तिनं संध्याकाळी स्वतः वाटी काढून वीसचा टाकला, स्क्रू अर्धा फेरा सोडला. त्याच्या दुसऱ्या सकाळी दुसऱ्याच किकेला झाली. तो शनिवार होता. आनंद वगैरे काही झाला नाही. इतकं सोपं होतं हे बघून राग वाढलाच.

दुपारी ती कोल्हापूरच्या घरी पोचली तेव्हा विजयसिंह दहावीचे पेपर तपासत होता. तिनं दोन्ही जुने जेट त्याच्या पेपरांवर ठेवले.

त्यानं ते ओळखले. लाल पेन बंद केलं. "बंडूनं सांगितलं?"

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"बस जरा. पाणी घे."

"नको."

"निशा, तू घाटात सत्तरनं जात होतीस. आमच्या इंगवले सरांनी बघितलं. वळणावर उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करून गेलीस. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी. मला घाम फुटला ऐकून."

"मग मला विचारायचं. भांडायचं."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतो ऐकलो."

"म्हणूनच," तो म्हणाला.

वर्गात गणिताचं उत्तर सांगावं तसं. त्या शब्दानं ती इतकी पेटली की आवाज चढवायलाही तिला सुचलं नाही.

"दोन महिने मी रोज फोन करत होतो तुम्हाला. तुम्ही मला किक मारायला शिकवत होता."

"गाडी चालू व्हायचा त्याच्याशी संबंध आहे हे मला कुठं..."

"बंडूनं डिसेंबरात सांगितलं होतं. राहू दे म्हणालात. थंडी सरंल म्हणालात. आणि बुधवारी त्यापायी एक म्हैस मेली."

विजयसिंहनं चष्मा काढला. तो शर्टाला पुसला. "म्हशीचं वाईट झालं," तो म्हणाला. "पण ती गाडीमुळंच मेली असं कसं म्हणतेस? त्यांनी दोरी लावायला नको होती."

"नको होती. मी तीनदा खोटं बोलायला नको होतं, तेही खरं. माझं मी शालूबाईला सांगणार हाय. तुमचं तुम्ही सांगायचं. उद्या सकाळी चला."

"मी? मी काय सांगू तिथं जाऊन? ओळख ना पाळख."

"मला न विचारता केलंत, ते काय माझी ओळख नव्हती म्हणून?"

"तुला नवी गाडी घेऊ. सेल्फस्टार्टची. इंजेक्शनची येते आता, चोक नको की काही नको."

"मला गाडी नको. उद्या चला."

ती त्या रात्री बाहेरच्या खोलीत झोपली. त्यानं दोनदा दारात येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिनं पांघरूण डोक्यावरून घेतलं.

सकाळी तो तयार होऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. ती आपल्या गाडीवर, तो त्याच्या गाडीवर. घाटाच्या अलीकडच्या वळणांवर तो तिच्या मागं पडत गेला आणि ती थांबली नाही.

शालूबाई अंगणात शेणी थापत होती. गोठ्यात आता एकच म्हैस होती, दुसरी दावण रिकामी. आकाराम आतून पाट घेऊन आला, पण कुणी बसलं नाही.

निशिगंधा आधी बोलली. गाडी अंगणातच अडली होती, मी रस्त्यात हाय म्हणालो ते खोटं होतं, तुम्ही दुसरा डॉक्टर बोलावला असता तर म्हैस कदाचित वाचली असती. एवढं तिनं एका दमात सांगितलं. मग बाजूला झाली.

विजयसिंहनं घसा साफ केला. रोज चाळीस पोरांसमोर बोलणारा माणूस, पण त्याला शब्द जुळवावे लागत होते. गाडीत मी बदल करून घेतला होता, तिला माहीत नव्हतं, तिची चूक नाही, असं तो म्हणाला. आणि मग राहवलं नाही म्हणून पुढं म्हणाला, "घाटाचा रस्ता आहे, मावशी. तिनं जरा हळू जावं एवढीच इच्छा होती."

शालूबाईनं हातातलं शेण भिंतीवर थापलं. "हळू जावी म्हणून केलंसा न्हवं?" ती म्हणाली. "गेली की हळू."

आकारामनं बायकोला गप्प बस म्हणून खूण केली. ती पुढची शेणी थापू लागली. निशिगंधाला आणि विजयसिंहला कुणी चहा विचारला नाही.

डांबरी रस्त्याला लागल्यावर विजयसिंह थांबला. त्याचं तोंड उतरलं होतं. "घरी चल," तो म्हणाला. "रविवार आहे."

"उद्या पहाटे माझी ड्युटी हाय," निशिगंधा म्हणाली आणि गाडी वरच्या बाजूला वळवली.

पुढचे चार शनिवार ती खाली गेली नाही. मग जाऊ लागली. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं तेव्हा तिनं वीसचा काढून परत साडेसतराचा टाकला, आणि मार्चमध्ये गाडी आपल्या नावावर करून घेतली. फॉर्मवर सही करताना विजयसिंह म्हणाला, एवढं कशाला, आपलंच आहे की सगळं.  सही झाल्यावर तिनं फॉर्म उचलला. दोघं जेवायला एकत्र बसत, शाळेचं, बाजाराचं बोलत. पण फोन ठेवताना तो "जपून जा" म्हणाला की तिचं डोकं अजून तापायचं आणि ती फोन बंद करायची.

एप्रिलमध्ये एकदा दूध डेअरीवर आकाराम भेटला. त्यानं नजर चुकवत सांगितलं की दुसरी म्हैसही व्याली, परवा पहाटे. सरकारी डॉक्टरला बोलावलं होतं. घरच्यांनी तसंच ठरवलं.

"बरोबर केलंसा," निशिगंधा म्हणाली. "काय झालं?"

"रेडी झाली. दोघीबी बऱ्या हायत."

"चीक पाजला न्हवं लगेच?"

"पाजला की."

"मग झालं," ती म्हणाली आणि नोंदवहीत पुढच्या वाडीचं नाव बघू लागली.